समुद्र तापायची वाट पाहणारी नागूबाई

मे महिना लागला की आमच्या भागात भूगोलाच्या शिक्षकाला थोडा भाव येतो. एरवी कोण विचारतंय! मी टेंभुर्णीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते आणि राहते कुर्डुवाडीला. एसटीत बसले की कंडक्टरपासून केळीच्या बागायतदारापर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, "म्याडम, यंदा पाऊस कसा हाय?" जसं काही मी ढग पर्समध्ये घेऊन फिरते! हे ऐकून ऐकून माझी जीभ तिखट झाली आहे. "पंचांग बघा की," असं म्हणून मी खिडकीकडे तोंड फिरवते.

नागूबाईंनी मात्र हा प्रश्न मला कधी विचारला नाही. त्यांचा प्रश्न उलटा होता.

"म्याडम, समिंदर तापला का?"

आणि मी "नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. साऱ्या जिल्ह्याचे हात पावसासाठी जोडलेले असताना ही बाई धरण आटायची वाट बघत होती. तिच्याबद्दल मला लिहायचं आहे.

नागूबाई सिद्धनाथच्या मच्छी खानावळीत भाकऱ्या करतात. हायवेपासून जरा आत, उजनीच्या पाण्याच्या बाजूला ही खानावळ आहे. सिद्धनाथ स्वतः होडी घालतो, पहाटे जाळं काढतो आणि तोच मासा दुपारी ताटात येतो. मी तिथं जेवायला जाते हे सांगण्यासारखं नाही, पण सांगते. अक्कलकोटकडचं आमचं घर असं, की तिथं मासा हा शब्द उच्चारला तरी आई कानावर हात ठेवते. सिद्धलिंगप्पा मास्तरांची लेक हायवेवर चिलापी खाते हे घरी कळलं असतं तर मला थेट मठात नेऊन बसवलं असतं. म्हणून मी दर बुधवारी रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी बसायची. ती जागा म्हणजे आत, चुलीपाशी, नागूबाईंच्या समोर.

साठीला टेकलेल्या, उंच, हाडापेराच्या बाई. पण बघत राहावं ते त्यांच्या हातांकडे. पंजे असे रुंद, की भाकरी परातीत थापायची गरजच नाही. पिठाचा गोळा या हातावरून त्या हातावर जायचा, टाळी वाजल्यासारखा आवाज होत राहायचा आणि बघता बघता ताटाएवढी भाकरी तव्यावर पडायची. त्या आवाजानं मला दुपारची गुंगी यायची. समोर पत्र्याच्या फटीतून धरणाचं पाणी लकाकत असायचं, ताटात कालवण, आणि टप, टप, टप. त्या वेळी कुणी मला विद्यापीठात प्राध्यापक केलं असतं तरी मी उठले नसते.

कोरोनाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. खानावळ नुकती पुन्हा उघडली होती आणि परतीच्या पावसानं सगळीकडे कहर केला होता. ओढे रस्त्यावर आलेले, ऊस आडवा झालेला, धरण काठोकाठ. टीव्हीवरचा निवेदक दर दोन मिनिटांनी "ला निना, ला निना" ओरडत होता. सिद्धनाथ गल्ल्यावरून म्हणाला, "म्याडम, ही कोन वो बाई? लई गाजती सध्या."

मला आला राग. निवेदकाला तरी कुठं कळत होतं! मी ताट बाजूला केलं आणि नागूबाईंच्या चुलीकडे बोट दाखवलं.

"ही चूल या कोपऱ्यात आहे. धूर सरळ वर जातो, पत्र्याला लागतो, मग पत्र्याखालून तिकडे सरकतो. जाता जाता गार होतो आणि त्या टोकाला खाली उतरतो. तिथं सिद्धनाथ बसतात आणि दिवसभर खोकतात. बरोबर?"

"अगदी बरुबर," सिद्धनाथ खोकत म्हणाला.

"तसाच एक समुद्र आहे. आपल्यापासून लांब, पूर्वेला. प्रशांत महासागर. त्याच्यावर वारा सदा एकाच बाजूनं वाहतो, अमेरिकेकडून इकडे. वरचं तापलेलं पाणी तो ढकलत ढकलत आपल्या बाजूला आणून साठवतो. जिथं पाणी जास्त तापलेलं, तिथं समुद्राची चूल. तिथून हवा वर जाते, ढग होतात, पाऊस पडतो. एखाद्या वर्षी तो वारा ढिला पडतो आणि तापलेलं पाणी परत मागं सरकतं. म्हणजे चूल सरकली. मग धूर वर जायची जागा बदलते आणि खाली उतरायचीही. वरून उतरणारी कोरडी हवा आपल्या डोक्यावर येते आणि ढगाला उभं राहू देत नाही. तो एल निनो. यंदा उलटं झालंय. वारा जोरात आहे, चूल आपल्याकडेच आहे आणि मधला समुद्र गार पडलाय. ती ही ला निना."

"आन पत्र्याखालचं वारं?" हा आवाज नागूबाईंचा होता. टप टप थांबली होती.

मी चमकले. वर्गात पन्नास मुलं असतात, एकानंही कधी हे विचारलेलं नाही.

"तेही आहे, मावशी. आपल्या डोक्यावर चौदा-पंधरा किलोमीटरवर पावसाळ्यात एक मोठा वारा पळत असतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे. त्याला जेट म्हणतात. तो चांगला पळाला की खालची हवा वर ओढली जाते आणि पाऊस जोर धरतो. चूल सरकली की तोही मंदावतो. हिवाळ्यात दुसरा असतो, उत्तरेकडचा, पश्चिमेकडून येणारा. समुद्र इकडचा तिकडे झाला की त्याचीही वाट वाकडी होते. मग कुठं अवेळी गारा पडतात, कुठं थंडीच पडत नाही."

त्यांनी वर पत्र्याकडे बघितलं. काळवंडलेल्या पत्र्याखालून धुराचा पातळ थर सावकाश सरकत होता. त्या बराच वेळ तसंच बघत राहिल्या, तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी.

"म्हंजी त्यो समिंदर तापून सरकला, की हितलं धरन आटतं?"

"बहुतेक वेळा. दर वेळी नाही. आपला जवळचा समुद्रही मध्ये बोलतो. कधी तो सांभाळून घेतो."

"मंग कवा तापल त्यो?"

सिद्धनाथ उठूनच उभा राहिला. "आक्का, डोस्कं फिरलं का तुजं? धरन आटलं तर मासं काय हिरीतनं काडू?"

नागूबाईंनी करपलेली भाकरी उलटली. पण मी हात धुवायला मागं गेले तेव्हा त्या मागोमाग आल्या. पदराला हात पुसत उभ्या राहिल्या आणि धरणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माजी आई हाय तितं. पान्याखाली."

हिवरपिंपरी हे त्यांचं गाव. ऐंशी साली उजनीचं पाणी चढलं आणि गाव बुडालं. गावाचे दोन भाग होते, जसे सगळ्या गावांचे असतात. वरच्या अंगाला दगडी घरं, देऊळ, पार. खालच्या अंगाला, ओढ्याकडे, नागूबाईंची वस्ती. वस्तीनं धम्म घेतला होता, घराघरात बाबासाहेबांचा फोटो लागला होता, पण पाण्यासाठी अजून गावच्या विहिरीपासून लांब उभं राहून कुणीतरी ओंजळीत ओतायची वाट बघावी लागत होती. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर आटली आणि तेवढंही बंद झालं. तेव्हा नागूबाईंचे वडील जोतीराम आणि वस्तीतले सगळे, बायका धरून, खडी फोडायच्या कामावरून आल्यावर ओढ्याकाठी विहीर खणायला लागले. ओढ्याचा झरा लागला. पाणी गोड निघालं.

विहीर बांधून झाली. कामावरच्या एका मुकादमानं सिमेंटची पोती दिली, त्यातून कठडा केला. सिमेंट ओलं होतं तोवर जोतीराम म्हणाले, ज्यानं ज्यानं माती उपसली त्यानं पंजा उठवायचा. सगळ्यांनी कठड्यावर पंजे उठवले. नागूबाईंच्या आईचं नाव सोजर. तिनंही उठवला. आणि शेजारी लेकीचा हात धरून तोही दाबला. नागूबाई तेव्हा सहा वर्षांच्या होत्या.

"दोन-तीन सालानं आई गेली. काविळीनं," नागूबाई म्हणाल्या. "फोटू कुटला वो त्या वक्ताला? मला तिचं त्वांड आठवत न्हाय, म्याडम. लई डोळं मिटून बघते. बांगड्या ऐकू येत्यात, पन त्वांड येत न्हाय. सपनात येती तर पाठमोरी येती. तिचं असं काय म्हनशीला तर त्यो पंजाच हाय. त्यावर एकदा हात ठिवायचा हाय मला."

नळ तसाच चालू राहिला.

बरं, एकदा त्या जाऊन आल्या होत्या. कोरोनाच्या आदल्या उन्हाळ्यात धरण चांगलंच मायनसमध्ये गेलं होतं. म्हणजे दारं उघडली तरी बाहेर येणार नाही असं तळातलं पाणी तेवढं उरलं होतं. हिवरपिंपरीचं देऊळ उघडं पडलं, गाड्या भरभरून लोक आले, फोटो काढून गेले. नागूबाईही धावल्या. देवळाभोवती दिवसभर फिरल्या. त्यांना दगडी चौथरे सापडले, पार सापडला, गावची विहीरसुद्धा सापडली. वस्ती मात्र नाही. मातीची घरं पाण्यात विरघळून गेली होती आणि विहीर तर अजून पाण्यातच होती, कारण वस्ती उताराला, सगळ्यात खाली.

"गावाला जेवडा दुष्काळ पुरतो, तेवडा आमच्या वस्तीला पुरत न्हाय," त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. "बुडताना आमी पयले. वर येताना शेवटचं."

त्यानंतर समुद्र तीन वर्षं गार राहिला. मी इतकी वर्षं एल निनोचा तक्ता शिकवत आले होते, पण त्याची अशी वाट कधी पाहिली नव्हती. बुधवारी जायचं म्हणजे मला दडपण यायला लागलं. नागूबाई पिठाचे हात तसेच ठेवून बघायच्या आणि मी मान हलवायची. "गारच आहे." धरण शंभर टक्के, दारं उघडलेली, बागायतदार खूष, सिद्धनाथच्या जाळ्यात मासा मावत नाही. आणि चुलीपाशी एक बाई खट्टू. "मेला निवूनच बसलाय," असं म्हणून त्या एखाद्या रुसलेल्या जावयाबद्दल बोलावं तसं त्या महासागराबद्दल बोलायच्या.

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मुलगा संघपाल पुण्याला कंपनीत आहे, तो नेतो म्हणायचा, पण राहून गेलं. पोटची लेक नाही. "पोरगी पायजे व्हती," हे त्या अधूनमधून म्हणायच्या, तक्रार म्हणून नाही, भाजीत मीठ कमी पडलं असं म्हणावं तसं. दुपारची गर्दी ओसरली की त्या भिंतीला टेकून डोळे मिटायच्या आणि मला स्वप्नं सांगायच्या. त्यांच्या स्वप्नात समुद्र दुधासारखा असायचा, चुलीवर ठेवलेला, साय धरत आलेला. कधी त्याच्यावरून वारा हलके हलके साय ढकलत असायचा. कधी त्या स्वतः पत्र्याखालच्या वाऱ्यात बसून जात असायच्या, खाली सगळी गावं दिसायची, धरण तळहाताएवढं दिसायचं. मी भूगोलाची शिक्षिका. "मावशी, तिथं उणे साठ-सत्तर अंश असतात, गोठाल," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणायची, "मग? पुढं काय दिसलं?" त्या सांगत राहायच्या. बाहेर पाण्यावर ऊन थरथरत असायचं आणि मला पलीकडचा काठ हळूहळू वर उचलल्यासारखा वाटायचा.

मग तेवीस साल उजाडलं. मे महिन्यातल्या एका बुधवारी मी त्यांच्यासमोर मोबाइल धरला. समुद्राच्या तापमानाचा नकाशा होता. दक्षिण अमेरिकेच्या कुशीतून निघालेली लाल जीभ पश्चिमेकडे लांबत चालली होती.

"हा तुमचा समुद्र. आणि ही चूल सरकायला लागली."

त्यांनी पिठाचं बोट त्या लाल जिभेवर ठेवलं, तव्याला हात लावून बघावा तसं. पीठ काचेवर राहिलं. मी ते कुर्डुवाडीला पोचेपर्यंत पुसलं नाही.

त्या वर्षी जूनमध्ये पाऊस रेंगाळला, जुलैत थोडा बरसला आणि ऑगस्टमध्ये गायबच झाला. आकाश निळं आणि रिकामं. मूग-उडीद फुलात जळाले. धरण कसंबसं निम्म्याच्या वर भरलं आणि तिथंच थांबलं. फेब्रुवारी आला नाही तोच मायनसमध्ये गेलं. तरी सोलापूर शहराला प्यायला पाणी सोडावं लागतच होतं. दर वेळी पाणी सोडलं की काठ आणखी आत सरकायचा. काठावरचे शेतकरी पाइपाला पाइप जोडत पाण्याच्या मागं धावायचे, मोटारी पुढं नेऊन ठेवायचे, आठ दिवसांत पाणी आणखी लांब. केळीची पानं फाटून लोंबायला लागली. खानावळीत बारीक मासा यायला लागला, नंतर तोही कमी झाला.

आणि नागूबाईंनी विचारणं बंद केलं. मी गेले की त्या मान खाली घालून थापत राहायच्या. एकदा भाकरी वाढताना हळूच म्हणाल्या, "म्याडम, माज्या मागन्यानं व्हतंय का वो ह्ये?"

"मावशी," मी जवळजवळ ओरडलेच, "कॉलेजचा शिपाई माझं ऐकत नाही, आणि एवढा मोठा महासागर तुमचं ऐकणार? त्याला तुमचं नावसुद्धा माहीत नाही."

"पन मागितलं तर व्हतंच की मी. कालच्याला समोरच्या पोरानं केळीचा बाग तोडून ढोरापुडं टाकला. त्याची बायकू रडत व्हती. मला तिच्याकडं बघवंना." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नगं मला पंजा. पडू दे पाऊस."

त्या खरंच म्हणत होत्या. आणि त्यांना तो पंजा हवाही होता, तेही तितकंच खरं. दोन्ही एकाच माणसात कसं राहतं हे मला तिथं बसून दिसत होतं.

शेवटी सिद्धनाथनंच मार्ग काढला. वर्षभर "आमचं वाटोळं मागती ही बाई" म्हणणारा हा माणूस मेच्या अखेरीस आला आणि म्हणाला, "आक्का, कालपासनं वड्याच्या अंगाला एक गोल दिसतोय चिखलात. घमेल्याच्या काठासारखा. उद्या सक्काळी चल. दुपारनं ढग जमायला लागल्यात, लई दिस न्हाय राहायचं ते."

मी कॉलेजला सुट्टी टाकली. कारण लिहिलं, घरगुती.

सकाळी ऊन कोवळं असताना आम्ही तिघं धरणाच्या तळात उतरलो. सिद्धनाथच्या खांद्यावर फावडं, माझ्या हातात पाण्याची बाटली, नागूबाई पुढं. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं, पौर्णिमेला विहारात जाताना नेसतात ते. पायाखाली गाळ भेगाळलेला, प्रत्येक भेगेत हिरवी पात डोकावत होती. शिंपले करकर वाजत होते. पाण्यातून उघडं पडलेलं रान इतकं शांत होतं, की आपण कुणाच्या तरी झोपेतून चालतोय असं मला वाटत राहिलं. देवळापाशी पाच-सहा गाड्या होत्या. एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं, वर ड्रोन घोंघावत होता. त्यांच्यातल्या एकानं मला विचारलं, "इथं अजून बघण्यासारखं काही आहे का?" मी म्हटलं, "काही नाही," आणि उताराला लागले.

खाली पाण्याची रेषा होती. तिच्या अलीकडे, ओल्या चिखलात, तो गोल होता. कठड्याचा अर्धा भाग ढासळलेला, अर्धा शाबूत, आत तोंडापर्यंत गाळ. नागूबाईंनी ओढ्याच्या बाजूला बघितलं, देवळाच्या शिखराकडे बघितलं, मनाशी काहीतरी जुळवलं आणि एकदम खाली बसल्या.

"हीच."

सिद्धनाथनं फावडं उचललं तसं त्यांनी ते धरलं. "हातानं."

आम्ही तिघांनी हातानं गाळ खरवडला. वरचा थर वाळलेला होता, खालचा काळा, लोण्यासारखा. पहिला पंजा निघाला तो कुणा पुरुषाचा, अंगठा वाकडा. मग दुसरा. मग तिसरा, बोटं नसलेला, नुसता तळवा. चव्वेचाळीस वर्षं पाण्याखाली राहिलेले हात एकेक करून वर येत होते. मला एकाएकी आठवलं. बहात्तर सालीही तोच महासागर तापला होता. त्या वर्षीही चूल सरकली होती, म्हणून गावची विहीर आटली आणि म्हणून ही खणली गेली. ज्या समुद्रानं ती खणायला लावली त्यानंच ती आज उघडून दिली होती. मी हे बोलून दाखवणार होते, पण नागूबाईंकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

त्यांच्या बोटांखाली एक लहान पंजा आला होता. पेढ्याएवढा तळवा, पाच बारीक बोटं. लेकराचा पंजा त्या कठड्यावर एकच होता.

"ह्यो मी," त्या म्हणाल्या.

मी बाटलीतलं पाणी ओतलं. त्या शेजारचा गाळ पदरानं पुसू लागल्या, सावकाश, एकेक बोट. दुसरा पंजा दिसला. मनगटापाशी बांगड्या टेकल्याच्या दोन रेघासुद्धा उमटल्या होत्या. नागूबाईंनी हात उचलला. किती वर्षं त्यांनी हा क्षण मनात घोळवला असेल! आईचा मोठा, उबदार हात. त्यात आपला हात ठेवायचा आणि क्षणभर सहा वर्षांचं व्हायचं.

त्यांनी हात ठेवला.

तो मावेना. त्यांचा रुंद पंजा चारी बाजूंनी बाहेर आला. खालचा पंजा पार झाकून गेला. त्यांनी हात उचलून पुन्हा ठेवला, जरा फिरवून, मग बोटं आवळून. नाहीच. त्या हाताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील.

"किती वर्सांची आसल वो ही तवा?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही सहाच्या. त्या काळी लग्नं लवकर... बावीस-तेवीसची असेल, मावशी."

"बावीस-तेवीस," त्या म्हणाल्या. "आगं बाई. माजा संघपाल बत्तीसचा हाय." आणि मग कठड्यावर वाकून, आईच्या त्या छोट्या पंजाशी अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "लई ल्हान व्हतीस की गं तू. एवडीशी पोर. आन मी जल्मभर तुज्यावर रुसले, मला टाकून गेली म्हून."

त्या तिच्यावर हात फिरवत राहिल्या. आई म्हणून नव्हे. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसा. सिद्धनाथ तोंड फिरवून पाण्याकडे बघत उभा राहिला आणि खोकला, तिथं धूर नसताना. मी तर उघड उघड रडले.

परतताना उन्हं डोक्यावर आली होती. दक्षिणेकडून ढगांची रांग वर चढत होती, पांढरी, माथे चपटे होत पश्चिमेकडे ओढले जाणारे. वरचा वारा फिरल्याची खूण. नागूबाई थांबल्या. हाताची सावली डोळ्यांवर धरून त्यांनी ते ढग नीट बघितले.

"म्याडम, पत्र्याखालचं वारं सुटलं जनू."

"सुटलं, मावशी."

"मंग सांगा तुमच्या समिंदराला. नीव म्हनावं आता. लोकांची रानं पडल्यात."

त्या पावसाळ्यात जून चांगला गेला आणि पुढं धरण भरलं. समुद्र आपला आपण निवत गेला, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, पण नागूबाईंपुढं मी तसं म्हटलं नाही. हिवरपिंपरी पुन्हा पाण्याखाली गेली. आधी वस्ती, मग देऊळ, रिवाजाप्रमाणे.

मी अजून बुधवारी जाते. त्यांनी मला समुद्राबद्दल त्यानंतर कधी विचारलं नाही. स्वप्नं मात्र सांगतात. आई आता पाठमोरी येत नाही म्हणे. तोंड दिसतं का विचारलं तर म्हणतात, "दिसतं की. माज्यासारखंच हाय, पन कवळं."

आणि एक नवीन झालं आहे. सकाळी चूल पेटली की गिऱ्हाइकाच्या आधी त्या एक भाकरी करतात. अगदी लहान, चिमूटभर पिठाची. ती तव्यावरून काढून, तूप लावून, फडक्यात बाजूला ठेवतात. परवा मी लवकर गेले होते, भूक लागली होती, मी त्या फडक्याकडे हात नेला. त्यांनी माझ्या हातावर हलकीच चापट मारली.

"ती नगं, म्याडम. ती माज्या पोरीची हाय."